ॲपच्या आधी खाड्यांचा हिशेब

प्रश्न : मी कळव्यात राहते. घरून सकाळच्या नाश्त्याचे डबे सुरू करायचे आहेत. हाताशी ५० हजार रुपये आहेत. ओळखीतला एक मुलगा ॲप आणि वेबसाइट करून देतो म्हणतोय, ३५ हजार मागतोय. हल्ली टेक्नॉलॉजीशिवाय धंदा वाढत नाही असं सगळेच सांगतात. सुरुवात कुठून करू?

उत्तर :

ताई, ते ३५ हजार सध्या देऊ नका. माझे स्वतःचे १८ हजार याच वाटेने गेलेत, म्हणून एवढं ठामपणे लिहितेय. ती हकीकत पुढे येईल. आधी आमच्या धंद्याबद्दल सांगते, कारण तुमचे डबे आणि आमच्या पुड्या यांचं दुखणं एकच आहे.

आमचा फुलपुडीचा धंदा आहे, म्हणजे रोजच्या पूजेची फुलं पुडीत बांधून घरपोच द्यायची. ठाण्यातलं वर्तकनगर, पोखरण रोड आणि वसंत विहार मिळून आज २६० घरी रोज सकाळी पुडी जाते. यजमान पहाटेच्या लोकलने दादरच्या फुलबाजारात जातात, सहाच्या आत माल घरी येतो. मग मी, सासूबाई आणि शेजारच्या दोघीजणी पुड्या बांधतो आणि तीन मुलं आठच्या आत त्या दारोदार पोचवतात. यजमान आधी वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात होते, तो करोनात बंद पडला. २०२१ च्या घटस्थापनेला, ७ ऑक्टोबरला, राज्यातली देवळं पुन्हा उघडली. त्याच सकाळी आमच्या पहिल्या २२ पुड्या गेल्या.

पहिल्या सहा महिन्यांत गिऱ्हाईक यायला अडचण नव्हती. एका घरी पुडी दिसली की समोरची मावशी विचारायचीच. गिऱ्हाईक टिकत नव्हतं, आणि त्याचं कारण मला कितीतरी दिवस कळलं नाही. मला वाटायचं फुलं शिळी जात असतील, नाहीतर दर जास्त असेल.

कारण कळलं ते पोखरण रोडवरच्या एका आजोबांच्या दारात. महिनाअखेर होती. मी वहीत बघून म्हटलं, "आजोबा, चार खाडे," म्हणजे पुडी न घेतलेले चार दिवस. त्यांनी काही न बोलता मला आत नेलं आणि भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. पेन्सिलीने सात तारखांवर फुल्या मारलेल्या होत्या. मुलीकडे गेले होते, तीन दिवस जास्त राहिले आणि तसं वॉचमनला सांगून ठेवलं होतं. वॉचमनने आमच्या मुलाला सांगितलं नाही आणि मुलगा तीन दिवस पुडी कडीला अडकवून आला. तेव्हा दर १० रुपये होता. म्हणजे प्रश्न ३० रुपयांचा. आजोबांनी माझ्या हिशेबाने पूर्ण पैसे मोजून दिले आणि म्हणाले, "उद्यापासून नको." त्या ३० रुपयांपायी वर्षाचं गिऱ्हाईक गेलं. घरी येऊन वही चाळली, तर सोडून गेलेल्या ११ घरांपैकी ७ घरं महिन्याच्या पहिल्या चार दिवसांत, म्हणजे बिल दिल्यावर लगेच, बंद झालेली होती.

त्या रात्री मी फोन हातात घेतला तो जाहिरातीसाठी नाही, खाड्यांसाठी. आधी नियम केला : खाडा फक्त व्हॉट्सॲपवर कळवायचा, रात्री नऊच्या आत. मेसेजवर तारीख-वेळ आपोआप पडते, त्यामुळे "मी सांगितलं होतं" आणि "तुम्ही सांगितलं नव्हतं" हा वादच मिटतो. ज्या आजींना लिहिता येत नाही त्या फोन करतात. मग मीच त्यांना मेसेज टाकते, "आजी, ५ ते ८ खाडा लिहिला." घरातलं कोणीतरी तो वाचतं आणि लेखी राहतं ते राहतंच.

भाच्याने मला गूगल शीट शिकवलं. एका घराला एक ओळ, महिन्याच्या ३१ तारखांचे ३१ रकाने. खाडा असला की त्या चौकटीत 'ख'. काउंटइफ नावाचं सूत्र ते 'ख' मोजतं, दिवसांतून वजा होतात, दराने गुणाकार होतो. मी आठवी शिकलेली आहे आणि मला दोन रविवारांत हे जमलं. एक तारखेला प्रत्येक घरी असा मेसेज जातो : "ऑक्टोबर. दिवस ३१. खाडे ४ (५, ६, १९, २०). २७ × १२ = ३२४ रुपये." कंसातल्या त्या तारखांनी काम केलं. नुसते "खाडे ४" लिहून चालत नाही, माणसाला आपली तारीख दिसली की तो शंका घेत नाही. तेव्हापासून बिलावरून आमचं एकही घर सुटलेलं नाही.

याचा दुसरा फायदा माझ्या ध्यानीमनी नव्हता. रात्री नऊला उद्याच्या पुड्यांचा नेमका आकडा हातात असतो. पूर्वी यजमान अंदाजाने झेंडू, शेवंती उचलायचे आणि रोज दोन-अडीच किलो माल उरायचा. फूल काही परवा विकता येत नाही. आता ते चिठ्ठी घेऊन जातात. श्रावणात आणि नवरात्रात बाजाराचा दर एका दिवसात दुप्पट होतो, तेव्हा ही चिठ्ठीच आम्हाला तारते.

तुमच्या डब्यांना हे जास्तच लागू आहे. इडलीचं पीठ रात्रीच आंबवावं लागतं. सकाळी सातला "आज नको" आलं तर ते कुठे घालणार? म्हणून पहिल्या दिवसापासून सांगा, उद्याचं आज रात्री आठच्या आत. आणि पहिला महिना साध्या वहीत काढा. कोण किती वाजता कळवतं, कोणाचा डबा परत येतो, उधारी कोणाकडे राहते, हे तुमच्या हाताने लिहिलं गेलं पाहिजे. फोनला नेमकं काय काम लावायचं ते त्या वहीतच दिसेल.

धंदा वाढला तो तिथींवर. व्हॉट्सॲप बिझनेस फुकट आहे, त्यात गिऱ्हाइकाला लेबल लावता येतं. माझी लेबलं म्हणजे संकष्टी, सोमवार-बेल, शनिवार-रुई, मार्गशीर्ष गुरुवार. ज्यांनी एकदा दुर्वा मागितल्या त्यांना 'संकष्टी' लागतं. संकष्टीच्या दोन दिवस आधी त्यांनाच मेसेज : "परवा संकष्टी. दुर्वांची जुडी आणि जास्वंद हवं असेल तर 'हो' लिहा." शनिवारी मारुतीला रुईची माळ, मार्गशीर्षात गुरुवारी वेणी आणि पाच प्रकारचे डहाळे. १२ रुपयांच्या पुडीवर त्या दिवशी ४०-५० रुपये सहज वाढतात, आणि गिऱ्हाईकच म्हणतं की बरं झालं आठवण केलीत. तुम्ही एकादशीला आणि चतुर्थीला साबुदाणा खिचडीचं असंच विचारा. उपासाच्या दिवशी पोहे पाठवलेत तर तो डबा परतच येईल.

याला ब्रॉडकास्ट लिस्ट वापरा, म्हणजे एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा जातो. ग्रुप करू नका. ग्रुपमध्ये सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात आणि एकाने दरावरून कुरकुर केली की दहा जण सुरू होतात. ब्रॉडकास्टच्या एका यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो. म्हणून आम्ही पहिल्या दिवशीच्या पुडीत चिठ्ठी घालतो, "हा नंबर सेव्ह करा." आणि सुप्रभातचे फोटो कधीही पाठवू नका. लोक म्यूट करतात, मग कामाचा मेसेजही वाचला जात नाही.

आता ते १८ हजार. २०२२ मध्ये, १२० घरं झाल्यावर, मलाही वाटलं की आपलं ॲप हवं. एकाने करून दिलं. दिसायला छान होतं, गणपतीचं चित्र, फुलांची यादी, सगळं. १२० घरांपैकी ९ जणांनी ते उतरवून घेतलं. आमचं निम्मं गिऱ्हाईक साठीच्या पुढचं, त्यांच्या फोनमध्ये नातवंडांच्या फोटोंनी जागा भरलेली. व्हॉट्सॲप मात्र सगळ्यांकडे होतं. चार महिन्यांनी ॲपमध्ये बिघाड झाला तर तो माणूस फोन उचलेना. तेव्हा कळलं की प्ले स्टोअरवर ॲप त्याच्या खात्यावरून चढवलं होतं, माझ्या नावाचं काहीच नव्हतं. ते खातं काढायला एकदाच २५ डॉलर लागतात, मी माझ्या नावाने काढू शकले असते, पण मला कोणी सांगितलं नाही. पुढे कधी तुम्ही ॲप किंवा वेबसाइट केलीत, तर डोमेन (वेबसाइटचं नाव), खातं, पासवर्ड सगळं स्वतःच्या ईमेलवर घ्या. पैसे द्यायच्या आधी घ्या.

पैसे घेण्याबद्दल. यूपीआय २०१६ मध्ये आलं आणि आमच्यासारख्यांचा सुट्ट्या पैशांचा त्रास गेला. गिऱ्हाइकाने त्याच्या बँक खात्यातून यूपीआयने दिलेल्या पैशांवर आपल्याला शुल्क पडत नाही. पण घरखर्चाचं खातं आणि धंद्याचं खातं वेगळं ठेवा, नाहीतर महिन्याला किती सुटले ते कधीच कळणार नाही. एक अडचण आम्हाला फार आली. पैसे पुण्यातल्या मुलाच्या नावाने येतात आणि पुडी आईच्या दारात जाते, मग कोणाचे आले ते शोधत बसायचं. आता बिलाच्या मेसेजमध्येच लिहिते, "पैसे पाठवताना नोटमध्ये इमारत आणि घर नंबर टाका."

आणि हे कृपया पाठ करा : पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. मला एकाने फोन केला होता, "लष्कराच्या छावणीतून बोलतोय, ४० हार हवेत, ॲडव्हान्स पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका." आवाजात इतका आब होता की माझं बोट फोनवर गेलंही होतं. सासूबाई म्हणाल्या, "आपल्याला पैसे येणार तर आपली किल्ली त्याला कशाला?" त्या वाक्याने मी वाचले. तुम्हाला ५० डब्यांच्या ऑर्डरसाठी असा फोन नक्की येईल. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट कोणी पाठवला तरी स्वतःच्या खात्यात जमा दिसल्याशिवाय डबा देऊ नका.

गूगलवर आपल्या धंद्याची नोंद फुकट करता येते, ती जरूर करा. खारेगाव, पारसिकनगर भागात भाड्याने आलेली मुलं "नाश्ता डबा कळवा" असं शोधतात, त्यांना शेजारची मावशी माहीत नसते. घरून काम करताना तिथे पत्ता लपवून फक्त कुठल्या भागात डबा पोचवता तेवढं दाखवता येतं. तुम्ही घरी एकट्या असाल तर हे कराच. फोटो स्वतःच्या ताटाचे टाका, उचललेले नकोत.

कागदपत्रांसाठी एजंट लागत नाही. माझ्या जावेचा लाडू-चिवड्याचा धंदा आहे. तिने २०२२ मध्ये अन्नसुरक्षेची साधी नोंदणी सरकारच्या फॉसकॉस साइटवर स्वतः केली. तेव्हा १२ लाखांपर्यंतच्या वार्षिक उलाढालीला ती पुरायची आणि वर्षाला १०० रुपये फी होती. आजची मर्यादा आणि फी तिथेच पाहून घ्या. चौदा आकडी नंबर मिळतो, तो डब्यावरच्या चिठ्ठीवर छापा. मोठ्या डिलिव्हरी ॲपवर जायचं झालं तरी तो नंबर मागतातच, आणि त्यांचं कमिशन धरून दर परवडतो का ते आधी मांडून बघा. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, तर आधारवर पूर्ण फुकट होते. तिच्यासाठी पैसे मागणारी साइट सरकारी नाही, तिथून बाहेर पडा. पुढे मुद्रा कर्जासाठी बँकेत जाल तेव्हा ही कागदं आणि यूपीआयचा महिन्यावार जमा दाखवणारं बँक स्टेटमेंट दोन्ही कामाला येतात. आम्हाला सायकलींच्या जागी दोन जुन्या स्कूटर घ्यायच्या होत्या तेव्हा बँकेतल्या बाईंनी सगळ्यात आधी स्टेटमेंटच मागितलं.

एक राहिलं. २०२३ च्या पावसात माझा फोन पाण्यात पडला. शीट गूगल खात्यावर होतं म्हणून हिशेब वाचला, पण व्हॉट्सॲपचा बॅकअप चालू नव्हता, लेबलं, याद्या सगळं गेलं. श्रावण तोंडावर होता. १४० घरांना पुन्हा एकेक करून विचारत बसले. आज रात्रीच बॅकअप चालू करा, आणि धंद्याला वेगळं सिम घ्या.

तुमचे ५० हजार गॅस, भांडी, चांगले घट्ट झाकणाचे डबे आणि दोन महिन्यांचा किराणा यातच जातील, जाऊ द्या. त्या मुलाला सांगा, शंभर डबे झाले की बोलू. आणि शीट करायला बसाल तेव्हा रकाने असे ठेवा : इमारत, मजला, घर नंबर, दर, सुरू झाल्याची तारीख, मग १ ते ३१, मग एकूण खाडे, बिल, जमा, मागची बाकी, आणि नाव सगळ्यात शेवटी. मी आधी नाव पहिलं ठेवलं होतं, तर वाटणारी मुलं चार कुलकर्ण्यांत गोंधळायची. इमारत आणि मजल्याप्रमाणे लावलं की तीच यादी त्यांना सकाळी जिन्याच्या क्रमाने हातात देता येते. कुठे अडलात तर इथेच खाली लिहा. दुपारी दोन ते चार मी मोकळी असते.