कॉन्स्टंटाइनची नाणी घेताना

सुरुवात रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या घराण्याच्या छोट्या कांस्य नाण्यांनी करा. स्वस्त आणि मुबलक. चेहऱ्यावरून सम्राट ओळखायला जाऊ नका, बापलेक सारखेच दिसतात. नाव कडेच्या अक्षरांत वाचा. खरी मजा नाण्याच्या मागच्या बाजूला! दोन सैनिकांमध्ये दोन ध्वज असतील तर नाणं साधारण इ.स. 330 ते 335 मधलं, एकच असेल तर त्यानंतरचं. त्यांच्या पायाखाली टांकसाळीची खूण असते. ‘टीआर’ने सुरू होत असेल तर ट्रियर, म्हणजे आजच्या जर्मनीतलं शहर.

नाणं साफ करायला चिंच-लिंबू अजिबात लावू नका. आम्लाने पॅटिना, म्हणजे जुन्या धातूवर चढलेला थर, उतरतो आणि बारीक नक्षी बहुधा त्या थरातच टिकलेली असते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवा, पाणी बदलत राहा, सुटलेली माती टूथपिकने काढा. फिकट हिरवी पूड पुन्हापुन्हा येत असेल तर तो क्लोराइडचा रोग, म्हणजे क्षारांमुळे कांस्य गंजत जाणं. नाणं वेगळं काढून सिलिका जेलसोबत घट्ट डबीत ठेवा.