बाटले की बदलले?

प्रश्न : बर्मातल्या (आजच्या म्यानमारमधल्या) चिन या डोंगरी जमातीच्या लोकांनी इंग्रज आणि मिशनरी दोघांनाही मुकाट्याने स्वीकारलं का?

उत्तर : मुकाट्याने? छे! १८९६ च्या कायद्याने इंग्रजांनी चिन टेकड्यांवरचा अंमल पक्का केला, पण गावकारभार मुखियांकडेच ठेवला. तरी पहिल्या महायुद्धात फ्रान्सला मजूर पाठवायचा हुकूम सुटला आणि १९१७ मध्ये या टेकड्यांतल्या हाखा गावाकडे बंड पेटलं.

मिशनचं म्हणाल, तर आर्थर आणि लॉरा कार्सन हे अमेरिकन बॅप्टिस्ट जोडपं १८९९ ला हाखात आलं. सुरुवातीची कित्येक वर्षं हाताला फारसं काही लागलं नाही. पुढे शाळा आल्या, दवाखाना आला, रोमन लिपीत चिन बोली छापल्या जाऊ लागल्या, तशी माणसं ख्रिस्ती धर्माकडे वळली.

मला स्वतःला मोह पडतो तो याच टेकड्यांतल्या तिदिमकडच्या पाउ चिन हाउ या माणसाचा. दुखणं आलं की भुताखेतांना डुकरं-कोंबड्या कापायच्या, हा तिथला रिवाज. दीर्घ आजारात हा गृहस्थ त्यालाच विटला. स्वप्नात दृष्टान्त झाला म्हणे, आणि त्याने बळी बंद करणारा, एकच देव मानणारा स्वतःचा पंथ काढला. वर स्वतःची लिपीही घडवली! आधी हजाराहून जास्त चिन्हं होती, मग त्यानेच ती छाटून सुटसुटीत केली. पाद्र्यांचं ऐकून घ्यायचं, पण अक्षरं आपलीच गिरवायची, असा हा बाणा.