आयव्हीएफच्या आधी टबात बसू का? : निसर्गोपचारावर वाचकांचे प्रश्न

यावेळी आलेली पत्रं आणि मेसेज बघितले तर निम्म्याहून जास्त एकाच विषयावर, मूल होत नाहीये, आययूआय (वीर्य थेट गर्भपिशवीत सोडणं) नाहीतर आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) चालू आहे किंवा करायचंय, तर सोबत निसर्गोपचार केला तर चालेल का. आता मी पडले निसर्गोपचारवाली, माती पट्ट्या आणि कटिस्नानं (टबात कमरेपर्यंत गार पाण्यात बसवणं) देण्यातच दिवस जातो, त्यामुळे माझ्याच धंद्याबद्दल चार कडू गोष्टी लिहाव्या लागणारेत, आमच्यातल्या कुणी राग मानू नये. नावं अर्थातच छापत नाही.

प्रश्न : माझं वय ३१, लग्नाला तीन वर्षं झाली. पीसीओडी आहे, वजन ७८ किलो, पाळी दोन-दोन महिने येत नाही. आत्या म्हणते आयव्हीएफ करायच्या आधी निसर्गोपचार केंद्रात २१ दिवस राहून शरीर शुद्ध करून ये, तिथे नुसत्या रसावर ठेवतात. डॉक्टर म्हणतात आयव्हीएफची घाई नको, आधी गोळ्या देऊन बघू. कुणाचं ऐकू? (सांगली)

डॉक्टरांचं. पीसीओडीमध्ये बहुतेक वेळा अडचण एवढीच असते की बीज वेळेवर फुटत नाही, आणि ते फुटावं म्हणून लेट्रोझोलसारख्या साध्या गोळ्या पहिल्यांदा देतात, सोबत सोनोग्राफीवर फॉलिकल, म्हणजे बीजाची पिशवी, किती वाढलं ते बघतात. पण तुमच्या पत्रात दोन गोष्टी कुठेच नाहीत. नवऱ्याची सिमेन म्हणजे वीर्य तपासणी झालीये का? आणि तुमच्या गर्भनळ्या उघड्या आहेत का ते बघितलंय का? नळ्या बंद असतील तर माझा टब, आत्याचा रस आणि डॉक्टरांच्या गोळ्या, कशाचाच उपयोग नाही. आपल्याकडे नळ्या बंद होण्यामागे गर्भपिशवीचा टीबी हे मोठं कारण आहे, खोकला नाही ताप नाही, बाईला पत्ताच नसतो, आणि अशी बाई वर्षभर काढे पीत बसते तेव्हा फार वाईट वाटतं. नवऱ्याची तपासणी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सोपी, तरी घरोघरी ती सगळ्यात शेवटी होते, का ते तुम्हालाही माहितीये.

आता २१ दिवसांचं बोलू. केंद्रात राहून फायदा होत नाही असं अजिबात नाही. उरुळी कांचनचा आश्रम गांधीजींनी १९४६ साली सुरू केला तेव्हापासून महाराष्ट्रात लोक वजन, शुगर, बद्धकोष्ठ असल्या तक्रारी घेऊन अशा ठिकाणी जातात आणि बरं वाटून येतात. लवकर झोप, पहाटे चालणं, मोबाईल लांब, तळण बंद, याचा गुण येतोच. माझा आक्षेप आहे तो रसावर ठेवण्याला. २१ दिवस रसावर काढले की काटा पाच-सहा किलो खाली येतो खरा, पण त्यात पाणी आणि स्नायू बरेच जातात, घरी आल्यावर भाकरी-भाजी सुरू झाली की वजन परत येतं आणि प्रोटीनची मात्र मारामार झालेली असते. तुम्हाला उतरवायचंय ते वजनाच्या ५ ते १० टक्के, म्हणजे ४ ते ८ किलो, तेही तीन-चार महिन्यांत हळूहळू. तेवढ्यावर बऱ्याच जणींची पाळी आपोआप रुळावर येते. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी २०१६ साली एक मोठा अभ्यास छापला, त्यात जाड बायकांना वंध्यत्वाच्या उपचारांआधी सहा महिने आहार-व्यायामावर ठेवलं होतं. निरोगी बाळंतपणांचा एकूण आकडा त्यानं वाढला नाही, पण उपचारांशिवाय आपले आपण दिवस राहणाऱ्यांचं प्रमाण मात्र वाढलं. म्हणजे वजन कमी करून फायदा आहे, फक्त त्याला आयव्हीएफ पास व्हायची गॅरंटी समजू नका.

घरी काय कराल? ज्वारी नाहीतर नाचणीची भाकरी, दोन्ही वेळा उसळ किंवा अंडं किंवा मासे, रोज ४५ मिनिटं घाम येईल असं चालणं, आणि फॉलिक ॲसिड ४०० मायक्रोग्रॅम, ते दिवस राहायच्या आधीपासून लागतं, नंतर सुरू करून उशीर होतो (शुगर असेल, फिट्सची गोळी चालू असेल तर डोस वेगळा, डॉक्टर सांगतील). कटिस्नान करायचंच असेल तर बेंबीपर्यंत येईल एवढं गार पाणी टबात, बर्फाचं नको, पाय टबाच्या बाहेर कोरडे, १० ते १५ मिनिटं ओल्या फडक्यानं ओटीपोट हलकं चोळत बसायचं, नंतर पुसून थोडं चालायचं. पाळीत नाही करायचं. यानं बीज फुटतं असं मी म्हणणार नाही, तसा पुरावा नाही. झोप चांगली लागते, पोट साफ होतं, एवढं मात्र बघितलंय.

आणि केंद्र निवडताना उपचार देणारा बीएनवायएस आहे का विचारा, निसर्गोपचार आणि योगाची साडेपाच वर्षांची डिग्री असते ती, हल्ली वीकेंडचा कोर्स करूनही पाट्या लागतात.

प्रश्न : आयव्हीएफची इंजेक्शनं नेमकी नवरात्रात सुरू होतायत. दरवर्षी नऊ दिवस उपवास करते, सासूबाई म्हणतात देवीचं यंदा तर मोडायचंच नाही. यूट्यूबवर एक निसर्गोपचार तज्ज्ञ सांगतात उपवासानं बीजांडं शुद्ध होतात. कपालभाती आणि नौलीही रोज करते, चालेल ना? (नाशिक)

नाही चालणार, म्हणजे इंजेक्शनं सुरू असताना तरी नाही. स्टिम्युलेशनचे हे १०-१२ दिवस असतात, एरवी महिन्याला एक बीज तयार होतं तिथे आठ-दहा एकदम वाढवायला लावतात, ओव्हरी फुगून लिंबाएवढीची मोसंबीएवढी होते. अशा जड ओव्हरीला पोट आत खेचणारे झटके दिले तर ती स्वतःभोवती पिळून तिचा रक्तपुरवठा तुटू शकतो, मग रात्री-अपरात्री ऑपरेशन. त्यामुळे कपालभाती, नौली, उड्डियान बंध, उलटी आसनं, धावणं, उड्या सगळं बंद. अनुलोम-विलोम करा, भ्रामरी करा, शवासन करा, सावकाश चाला. एनिमा, कुंजल (मीठपाणी पिऊन ओकणं), वाफेचा बॉक्स हेही या दिवसांत नको, माझ्याकडे कुणी इंजेक्शनं चालू असताना बाष्पस्नान मागायला आलं तर मी सरळ परत पाठवते.

उपवासानं बीजांडं शुद्ध होतात हे कुठून आलं देव जाणे. पोटात पाणी भरायचा त्रास, ज्याला क्लिनिकमध्ये ओएचएसएस म्हणतात, तो टाळायला उलट या दिवसांत प्रोटीन आणि पाणी नीट पोटात जावं लागतं. एका दिवसात किलोभर वजन वाढलं, पोट टम्म झालं, लघवी कमी झाली, दम लागायला लागला तर लगेच क्लिनिकला फोन, तेव्हा सूज उतरवायला म्हणून पुनर्नवा-गोखरूचा काढा घेत बसू नका.

सासूबाईंसाठी मार्ग आहे की. उठता-बसता उपवास करतातच ना आपल्याकडे, घट बसतात त्या दिवशी आणि उठतात त्या दिवशी, बाकी जेवायचं. त्या दोन दिवशीही राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी, दूध, ताक असं पोटभर खा, नुसत्या साबुदाण्यावर राहू नका, त्यात पिष्टाशिवाय काही नाही. आणि त्यांना सांगा, एग पिकअपच्या, म्हणजे बीजं बाहेर काढायच्या दिवशी भूल द्यायची म्हणून क्लिनिकवालेच सहा-आठ तास कडक उपवास घडवणारेत, तो देवीच्या खात्यात जमा करा.

प्रश्न : मिस्टर मस्कतला बेकरीत कामाला, दिवसभर भट्टीसमोर. वर्षातून एक महिना घरी येतात. रिपोर्टमध्ये शुक्राणूंचा काउंट ९ मिलियन आलाय. एकांनी स्टीम बाथ आणि एक चूर्ण सांगितलंय, डब्यावर काहीच लिहिलेलं नाही पण गुण येतो म्हणतात. ते तंबाखूही खातात. (रत्नागिरी)

ताई, पहिली गोष्ट, भट्टीसमोर उभ्या राहणाऱ्या माणसाला वरून स्टीम बाथ! पुरुषाच्या अंडकोषाला शरीरापेक्षा दोन-चार अंश कमी तापमान लागतं, म्हणून तर निसर्गानं ते बाहेर ठेवलेत. वाफ, सॉना, गरम पाण्याचा टब, मांडीवर लॅपटॉप, घट्ट चड्डी हे सगळं बंद. मालकाला सांगून भट्टीवरून काउंटरवर किंवा पॅकिंगला बदली मिळते का बघा. अवघड असतं माहितीये मला, पण तीन-चार महिन्यांसाठी तरी विचारून बघायला हरकत नाही. तीन महिने अशासाठी की शुक्राणू तयार व्हायला साधारण ७२ ते ७४ दिवस लागतात, म्हणजे आज तंबाखू सोडली तरी रिपोर्टमध्ये दिसायला तेवढा वेळ जाणार. सोडायची मात्र आजच. तुम्ही मिश्री लावत असाल तर तीही, ती तंबाखूच आहे, दात घासायची पावडर नव्हे.

९ मिलियन म्हणजे मिलीलीटरला, असं धरते. डब्ल्यूएचओनं २०२१ मध्ये खालची रेषा १६ मिलियनला धरलीये, तेव्हा कमी आहे पण शून्य नाही. एका रिपोर्टवर जाऊ नका, ताप येऊन गेला असेल तरी काउंट पडतो, दोन ते सात दिवस संबंध न ठेवता दुसऱ्यांदा तपासा आणि युरोलॉजिस्टला दाखवा, व्हेरिकोसील म्हणजे तिथल्या शिरा फुगलेल्या असतात का ते उभं करून हातानं तपासतात, त्यावर इलाज होतो. जिममधला कुणी मित्र टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घे म्हणाला तर चुकूनही नको, त्यानं अंगात ताकद आल्यासारखी वाटते आणि काउंट शून्यावर येऊ शकतो.

चूर्ण फेकून द्या. लेबल नाही, बॅच नंबर नाही, त्यात भस्म आहे का पारा आहे तुम्हाला कोण सांगणार? २००८ मध्ये अमेरिकेत इंटरनेटवरून विकत घेतलेली १९३ आयुर्वेदिक औषधं तपासली होती, त्यातल्या साधारण पाचातल्या एकात शिसं, पारा नाहीतर आर्सेनिक सापडलं. शिशानं शुक्राणूंचंच नुकसान होतं, म्हणजे रोग आणि औषध एकच. लेबल लावलेल्या झिंक-फॉलिकच्या महागड्या गोळ्यांचंही फार कौतुक नको, २०२० साली अमेरिकेत दोन हजारांहून जास्त पुरुषांवर बघून झालंय, ना सिमेन सुधारलं ना बाळं वाढली.

आणि एक कामाची गोष्ट, जी तुम्हाला कुणी सांगितलेली दिसत नाही. मिस्टर घरी आले की सॅम्पल देऊन फ्रीज करून ठेवता येतं, म्हणजे तुमची उपचारांची सायकल (एक फेरी) त्यांच्या सुट्टीवर अडून राहत नाही. सह्यांचे कागद असतात, ते त्या महिन्यातच उरकून घ्या.

प्रश्न : वय ३८, एएमएच ०.८. एका केंद्रात सांगतात सहा महिन्यांत एएमएच वाढवून देऊ, पॅकेज ९० हजार, तोवर आयव्हीएफ थांबवा. (ठाणे)

थांबू नका. बाई जन्मते तेव्हाच बीजांडांचा साठा घेऊन येते, तो माती लावून, बिया खाऊन, जलनेती करून वाढत नाही. एएमएच त्या साठ्याचा अंदाज देतो, बीज चांगलं का वाईट ते सांगत नाही, त्यामुळे ०.८ म्हणजे दार बंद असंही नाही, पण ३८ नंतरचे सहा महिने परत मिळत नाहीत. पस्तिशीच्या पुढे सहा महिने प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर तपासणीला जावं असं सगळे डॉक्टर सांगतात ते याचसाठी. असं पॅकेज विकणारे आमच्यात आहेत याची मला लाज वाटते. ते पैसे सायकलला ठेवा.

केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त द्यायच्या आधी लॅबला सांगा, थायरॉईडसारख्या हॉर्मोनच्या तपासण्यांचे आकडे त्यानं चुकीचे येऊ शकतात. अश्वगंधाही डॉक्टरांना सांगितल्याशिवाय नको, ती थायरॉईडमध्ये लुडबुड करते आणि दिवस राहिल्यावर तर बंदच.

प्रश्न : परवा ट्रान्सफर झालं, म्हणजे गर्भ गर्भपिशवीत सोडला. घरचे पलंगावरून उतरू देत नाहीत, उशी पायाखाली. मैत्रीण अननसाचा मधला दांडा खा म्हणते, आई म्हणते अननस-पपईकडे बघूही नको. ॲक्युपंक्चर घेऊ का? (पणजी)

उठा, चहा करून घ्या, ऑफिसला जायचं असेल तर जा. गर्भ गर्भपिशवीतून घरंगळून पडत नाही, पडून राहून कुणाचा रिझल्ट सुधारलेला नाही, उलट बिघडू शकतो असंच अभ्यासात दिसलंय. जड उचलू नका एवढंच. अननसाचा दांडा खाऊन गर्भ रुजत नाही आणि पिकल्या पपईच्या दोन फोडींनी पडतही नाही, कच्ची पपई मात्र टाळा, आईचं तेवढं ऐका. ॲक्युपंक्चरचं म्हणाल तर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये आठशेच्या वर बायकांवर खऱ्या आणि खोट्या सुयांची तुलना केली, २०१८ मध्ये निकाल आला, मूल झालं १८.३ टक्के आणि १७.८ टक्के, म्हणजे फरक नाहीच. मन शांत होत असेल आणि परवडत असेल तर घ्या, नाहीतर संध्याकाळी मिरामारला चालून या, फुकट आहे.

पोटावर गरम शेक, गरम टब, एनिमा, पोटाची मालिश नको. चहा-कॉफी दिवसाला दोन कप. आणि मधेच थोडं रक्त दिसलं तर "गेलं सगळं" म्हणून गर्भ टिकायला दिलेलं प्रोजेस्टेरॉन आपल्या मनानं बंद करू नका, क्लिनिकला फोन करा आणि बीटाची, म्हणजे दिवस राहिलेत का ते बघायच्या रक्ततपासणीची, तारीख दिलीये त्या दिवशी रक्त द्याच, घरच्या पट्टीवर एकच रेघ आली असली तरी.