वाचक वाढले, मानधन अडकलं

प्रश्न : माझ्या लेखांना रोज तीस-चाळीस वाचक असतात. गेल्या महिन्यात एका रात्रीत एका लेखाला नऊशे भेटी आल्या आणि आठवड्याने ‘संशयास्पद वाचन’ म्हणून सगळं मानधन रोखलं. मी कुणाकडूनही वाचक विकत घेतलेले नाहीत. मग माझाच लेख का?

उत्तर : बहुधा आडोसा म्हणून. खोटं वाचन विकणाऱ्यांची खाती फक्त गिऱ्हाइकांचंच उघडत राहिली तर चटकन पकडली जातात, म्हणून ती मधूनमधून भलत्याच लेखकांकडे डोकावतात. किंडल अनलिमिटेड या अ‍ॅमेझॉनच्या वर्गणीवर ई-पुस्तकं वाचायच्या योजनेत हेच घडलं. जुलै 2015 पासून तिथे वाचलेल्या पानांवर पैसे मिळू लागले, पण सुरुवातीला मोजायचे ते ‘वाचक कुठवर पोचला’ एवढंच. पहिल्या पानावर थेट शेवटाकडे नेणारी लिंक टाकली की मधली सगळी पानं वाचल्यात जमा! पुढे एका वाचकामागे एका पुस्तकाची जास्तीत जास्त 3,000 पानं धरायची, अशी मर्यादा आली. भाड्याची खाती मात्र राहिलीच, आणि काही निर्दोष लेखकांनाही ताकीद मिळाली. वाचन खोटं आहे हे यंत्रणेला कळतं. ते कुणी मागवलं, हे कळत नाही.

आकडेवारीच्या पानाचे स्क्रीनशॉट तारखेसह लगेच काढून ठेवा : भेटी कुठून आल्या, सरासरी किती वेळ थांबल्या, शेवटपर्यंत किती पोचल्या. सात मिनिटांच्या लेखावर सरासरी आठ सेकंद, हे तुमच्या बाजूने बोलतं. सपोर्टला नुसतं ‘अन्याय झाला’ लिहिलं तर साचेबंद उत्तर येतं. तारीख, तास, आकडा द्या आणि ‘ही वाचनं वजा करून उरलेलं मानधन सोडा’ असं नेमकं मागा. लेख काढून टाकू नका, त्याबरोबर पुरावाही जाईल. पुन्हा अशी उसळी दिसली, तर त्याच दिवशी स्वतःहून कळवा.

प्रश्न : ‘तू माझं वाच, मी तुझं’ अशा ग्रुपात राहण्यात धोका आहे का?

उत्तर : आहे. ही खोड जुनी. मीडियम या लेखांच्या संकेतस्थळावर एक वाचक एका लेखाला 50 टाळ्या (पसंतीच्या खुणा) देऊ शकतो, आणि 2017 साली तिथलं मानधन टाळ्यांवरच बेतलेलं होतं. 2019 मध्ये वाचनाचा वेळ मोजायला लागले, तशी ग्रुपांची सूचनाही बदलली : ‘इतके सेकंद थांबूनच बंद करा.’ पण तेच वीस जण, तोच क्रम, सगळे सारखेच सेकंद. खरे वाचक इतके शिस्तीत कधी वागतात? शिवाय सदस्यांच्या वर्गणीतून वाटप होत असेल, तर ग्रुपाने ओढलेला पैसा दुसऱ्या लेखकाच्या वाट्यातून जातो. मैत्रिणीचा लेख आवडला तर खुशाल टाळ्या द्या. ‘आज कुणाची पाळी’ याचा तक्ता फिरत असेल, तर मात्र ग्रुप सोडा.