घाईच्या सह्या करू नकोस

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. श्रावणात वडील गेले, दसऱ्याच्या आत जुळलेलं लग्न समोरच्यांनी मोडलं, आणि आता पुण्याच्या नोकरीतली रजा संपत आली. “अण्णा, एकटीने काय काय सांभाळू?” असं तू विचारलंस. वाचून जीव तुटला. तरी आज सांत्वन थोडं आणि कामाचं जास्त लिहितो, कारण तुला तेच हवं आहे असं पत्रावरून दिसलं.

मी आयुष्यभर बँकेच्या काउंटरवर बसलो. घरातला कर्ता गेल्यावर पहिल्या वर्षात माणसं काय करून बसतात, ते फार जवळून पाहिलं आहे. जमीन, डाग, ठेव जे काही हातचं गेलं, ते बहुतेक घरांत त्या वर्षातल्या घाईने गेलं. म्हणून माझं सांगणं एकच आहे, बाकी सगळं त्यातूनच निघतं. पुढची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, उलटेपर्यंत, जी मागे घेता येत नाही अशी एकही सही करू नकोस. तूही नाही, आणि वहिनींनी, म्हणजे तुझ्या आईनेही नाही.

घाई करणारे सगळे वाईट नसतात. तुझे काका उत्तरकार्याच्या दिवशी सकाळपासून उभे होते, हे मी पाहिलं आहे. पण तेच काका आता म्हणतात की तुझं हक्कसोडपत्र करून टाकू, म्हणजे सातबारा सुटसुटीत होईल. २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. नोंदवलेलं हक्कसोडपत्र सहजी फिरत नाही. पुढे कधी भावाला सगळं द्यावंसं वाटलं तर खुशाल दे, तो तुझा अधिकार आहे. पण आज देऊ नकोस. काकांशी वाद घालण्याचीही गरज नाही. “आधी वारस नोंद होऊ द्या, मग बसून बोलू,” एवढंच म्हण. रागाने म्हणू नकोस, आणि पुन्हा पुन्हा म्हणायला लाजू नकोस.

वारस नोंदीचं काम मात्र लगेच कर. खरं तर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, कळवायचं असतं. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि आधार लागतं. अर्ज ऑनलाइनही होतो. नोंद धरल्यावर हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते आणि मग मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. वहिनी, तू, धाकटा आणि आजी अशी चार नावं लागली पाहिजेत. मुलाच्या मालमत्तेत आईही वारस असते, हे पुष्कळ जणांना ठाऊक नसतं. धाकट्याला अठरा पूर्ण नाहीत, म्हणून त्याच्या नावापुढे ‘अपाक’, म्हणजे अज्ञानाचा पालक, म्हणून वहिनींचं नाव येईल. फेरफाराची नक्कल हातात आली की प्रत्येक नाव अक्षर न् अक्षर वाच.

आता त्या पिशवीचं. शेतकऱ्याच्या घरात कागद कुठे असतात हे मला चांगलं माहीत आहे. बियाण्याच्या दुकानातून मिळालेली कापडी पिशवी, ती खुंटीला किंवा कोठीत. दुपारी ओट्यावर सतरंजी टाकून ती पूर्ण रिकामी कर, आणि वहिनींना शेजारी बसव. जमिनीचे कागद एका बाजूला. पीककर्ज देणाऱ्या सोसायटीचं आणि बँकेचं दुसऱ्या बाजूला. विम्याच्या पावत्या तिसरीकडे, बंद पडलेल्या पॉलिसीच्या असल्या तरी टाकायच्या नाहीत. चौथा ढीग उधारीच्या चिठ्ठ्यांचा, त्यात कृषी केंद्राची हमखास सापडेल. मग वही घे आणि येणं किती, देणं किती, कुणाचं, कधीचं, ते लिहून काढ. रात्री झोप उडवते ती न मोजलेली रक्कम. मोजल्यावर ती मोठी निघाली तरी तिच्याशी बोलता येतं.

वडिलांच्या पासबुकात मे अखेरच्या आणि जूनच्या नोंदी नीट बघ. ४३६ रुपये कापलेले दिसले तर तो जीवनज्योती विमा आहे. त्यात कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी दोन लाख मिळतात. पन्नाशीच्या आत खातं जोडलेलं असेल तर हे संरक्षण पंचावन्नपर्यंत चालतं, आणि त्यांचं वय ५३ होतं. २० रुपयांची नोंद असेल तर तो सुरक्षा विमा, तो फक्त अपघाताचा. शेतकरी अपघात योजनेतून दोन लाख काढून देतो असं सांगत कुणी घरी आला तर त्याला चहा पाज आणि वाटेला लाव. वडील हृदयविकाराच्या झटक्याने गेले, ते त्या योजनेत बसत नाही, आणि फॉर्म भरायचे म्हणून घेतलेले पैसे परत येत नाहीत.

बसायला येणाऱ्यांपैकी एक-दोघे हळूच म्हणतील, “भाऊंकडे माझे इतके होते.” खरंही असेल. तिथल्या तिथे “मी फेडीन” म्हणू नकोस. वहीत नाव आणि रक्कम लिही, लिखत मागून घे, आणि हंगामानंतर बोलू असं सांग. वडिलांचं देणं त्यांनी मागे ठेवलेल्या मालमत्तेपुरतं वारसांवर येतं, तुझ्या पगारावर येत नाही. तरी ज्याचं खरं आहे त्याचं फेडायचं, वडिलांचा शब्द होता तो. फक्त क्रम तू ठरव. पीककर्ज पहिलं, कारण मुदतीत भरलं तर तीन लाखांपर्यंत व्याजाचा भार राहत नाही. त्यामागून कृषी केंद्र, कारण जूनमध्ये पुन्हा त्याच दारात उभं राहायचं आहे. हातउसने शेवटी.

आणि फारच अडलीस तर बँकेत सोनं तारण ठेव, पण सावकाराला जमिनीचं खरेदीखत करून देऊ नकोस. “नुसतं तारण म्हणून, पैसे दिले की परत फिरवू,” असं म्हणून ते करून घेतात. २०१४ च्या सावकारी कायद्याखाली अशी जमीन निबंधकाकडे दाद मागून सोडवता येते, पण हेलपाटे घालण्यात माणूस झिजतो.

यंदाच्या कापसाचं जरा सविस्तर लिहितो, कारण तुझ्या हातातली मोठी रक्कम तीच आहे. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रावर ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव मिळतो, त्यापुढे टक्क्याला टक्का कपात होते, आणि १२ च्या वर ते माल घेत नाहीत. दारावर काटा घेऊन येणाऱ्याला ओला-सुका सगळा चालतो, कारण तो तुझी गरज बघून भाव करतो. वेचलेला कापूस अंगणात पातळ पसरून ऊन दे, मग सरकी दाताखाली धरून बघ. कट्ट वाजली की माल वाळला. काकूंना विचार, त्या दाखवतील. केंद्रावर माल द्यायचा तर कपास किसान ॲपवर नोंदणी लागते, तिला सातबारा आणि पीकपाहणी लागते, आणि सातबारा अजून वडिलांच्या नावावर आहे. वारस नोंदीची घाई मी का करतो ते आता कळलं असेल. क्विंटलमागे हजाराचा फरक धरला तरी २५ क्विंटलला २५,००० होतात. घरात किराण्याला पैसे नाहीत म्हणून तेवढे सोडून देणारी घरं आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत.

म्हणून कापसाचा पैसा आला की सगळाच्या सगळा देण्यात घालू नकोस. लोक सांगतील, आधी मोकळी हो. मी सांगतो, आधी सहा महिने तरशील एवढं बाजूला काढ. किराणा, आजीची औषधं, धाकट्याचा क्लास मिळून महिना १५,००० धरले तर ९०,००० होतात. एका हंगामात जमणार नाहीत. यंदा तीस, पुढच्या वर्षी तीस, आणि पगारातून दरमहा पोस्टात दोन हजारांची आवर्ती ठेव. जूनचा खर्च यात धरू नकोस, त्याचं खातं वेगळं. बीटी बियाण्याचं पाकीटच २०२५ ला ९०१ रुपये होतं, खत-नांगरट पुढे आहेच. हे पैसे अर्धा-एक टक्का जास्त व्याजासाठी पतसंस्थेत नेऊ नकोस. बँकेतल्या ठेवीला दर ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. आपल्या जिल्ह्यात त्यापायी म्हातारपणी हात पसरावे लागलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांचे चेहरे मला विसरता येत नाहीत.

नोकरी सोडू नकोस. घरात दरमहा ठरल्या तारखेला येणारा पैसा सध्या तो एकच आहे. बिनपगारी का होईना, रजा वाढवून माग. शेत काकांना बटाईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, दे, पण स्टॅम्पवर लिहून, वर्षापुरतं. काकांनाही ते सोयीचं आहे. आजीसकट सगळ्यांचं आयुष्मान कार्ड काढून घे, वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय त्यात होते.

आता वहिनींबद्दल. त्या दिवसभर “आते कसं व्हई?” एवढंच म्हणतात, असं तू लिहिलंस. त्यांना बँकेत तू घेऊन जा, पण स्लिप त्यांनाच भरू दे. मागे रांग लागली, कुणी उसासे टाकले तरी पेन त्यांच्या हातातून घेऊ नकोस. पासबुक भरून आणणं, गॅसचा नंबर लावणं, सोसायटीत जाऊन बाकी विचारणं, ही कामं त्यांची. तू पुण्याला गेल्यावर त्यांना उठून बसायला ती कामंच लावतील.

आणि तुझंही मन आहे. मोडलेल्या लग्नाबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, त्यावरून किती लागलं ते कळलं. वडील गेले म्हणून ज्यांनी पाय मागे घेतला, त्यांच्या घरात तू पुढच्या अडचणीला एकटी पडली असतीस. त्याचं उत्तर शोधत बसू नकोस. रडू आलं तर रड. रात्रीमागून रात्री झोप लागेना, जेवण जाईना, तर १४४१६ वर फोन कर. सरकारची टेलिमानस सेवा आहे, फुकट, रात्रीही चालते, मराठीत बोलता येतं. संकोच करशील म्हणून मुद्दाम लिहिलं.

येत्या बुधवारी तुम्ही दोघी अमळनेरला या. ती पिशवी, वही, मृत्यूच्या दाखल्याच्या चार प्रती आणि सगळ्यांचे आधार आण. पासबुक आधी भरून घे. सकाळी आधी बँकेत जाऊन विम्याचा दावा टाकू, मग सोसायटीत बाकी विचारू. जेवायला आमच्याकडेच यायचं, काकूंनी भरीत आणि कळण्याच्या भाकरी करायचं ठरवलं आहे. काकांनाही घेऊन ये, बटाईचा मसुदा त्यांच्यासमोरच लिहू.

तुझा,
अण्णा