फीडर टूरला निघण्याआधी

अरे राजा,

गोल्फच्या मेन टूरचं कार्ड, म्हणजे तिथे खेळायचा हक्क, क्यू-स्कूलमध्ये, म्हणजे पात्रता स्पर्धेत, थोडक्यात हुकलं म्हणून तू चार दिवस फोन उचलला नाहीस, आईने सांगितलं मला. वाईट वाटणारच. पण नेक्सजेनवर खेळायला मिळतंय ना, २०२४ ला पीजीटीआयने, म्हणजे आपल्या देशातली प्रो गोल्फची टूर चालवणाऱ्या संस्थेने, ही खालची फीडर टूर सुरू केली ती तुझ्यासारख्या पोरांसाठीच, म्हणून निघण्याआधी काही गोष्टी लिहून ठेवतो. स्विंगबद्दल काहीच सांगत नाही, तो चांगला आहे आणि सीझनभर कोणाला हात लावू देऊ नको, प्रत्येक गावात सरावाच्या रेंजवर शिकवणारा कोणीतरी भेटतोच.

आधी पैशाचं. तीन राऊंड म्हणजे ५४ होल, दोन राऊंडनंतर कट, म्हणजे मागे पडलेले बाहेर, कट हुकला की हातात शून्य, पण एंट्री फी, बॅग उचलणाऱ्या कॅडीचे पैसे, रूम, जेवण, गाडीभाडं हे सगळं तर जाणारच. मी पहिल्या वर्षी घरून थोडे थोडे पैसे मागत खेळलो आणि त्याने माझं फार नुकसान झालं. शुक्रवारचं भाडं कुठून द्यायचं हे डोक्यात असलं ना की माणूस पाण्यामागच्या पिनवर, म्हणजे होलमधल्या झेंड्यावर, सरळ मारायला लागतो, जिथे ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवताच्या, मधोमध मारून मग दोन हलक्या फटक्यांत पार, म्हणजे त्या होलचा ठरलेला स्कोअर, घ्यायचा असतो. म्हणून बाबांसोबत आत्ताच बस, वर्षाचा आकडा ठरव, त्यात किती टूर्नामेंट बसतात ते बघ आणि तेवढ्याच खेळ. आठ बसत असतील तर आठ. सगळीकडे धावायची गरज नाही, सलग तीन आठवडे बाहेर राहून थकलेलं अंग चौथ्या आठवड्यात पैसेच घालवतं. आणि कट हुकला तर त्याच संध्याकाळी घरी खरं सांगायचं, मी लपवायचो.

दुसरं, तुझे यार्डेज, म्हणजे कुठल्या क्लबने, कुठल्या काठीने बॉल किती लांब जातो ते. आपल्या नागपुरात मे महिन्यात ४५ डिग्रीत बॉल जसा उडतो तसा डिसेंबरात चंदीगडला सकाळी लवकरच्या टी-टाइमला, म्हणजे खेळ सुरू करायच्या वेळेला, उडणार नाही, थंड हवा जड असते आणि बॉलही कडक होतो. एट आयर्न या क्लबने इथे जेवढा लांब जातो तिथे बॉल एका क्लबाच्या अंतराने कमी पडतो आणि तू म्हणशील माझा स्विंग बिघडला! बिघडलेला नसतो रे. वहीत क्लबपुढे नुसता यार्डेज लिहू नको, गाव, वेळ, थंडी-ऊन सगळं लिही. बर्म्युडा गवताच्या ग्रीनवर गवत कुठे झुकलंय ते पण लिही, होलच्या कडेला बघायचं, ज्या बाजूला कड फाटकी दिसते तिकडे गवत वाढतंय. प्रॅक्टिस राऊंडला ड्रायव्हर, म्हणजे लांब मारायचा क्लब, कमी आणि चिपिंग, म्हणजे ग्रीनजवळचे छोटे फटके, जास्त कर. दिल्ली गोल्फ क्लबच्या लोधी कोर्सवर तर दोन्हीकडे झुडपं इतकी जवळ की चांगले चांगले प्रो ड्रायव्हर बॅगेतच ठेवतात.

आता स्कोअरकार्ड. एकदा मी कटच्या आत होतो, माझा स्कोअर लिहिणाऱ्या मार्करने चौदाव्या होलला पाचाच्या जागी चार लिहिलं आणि मी घाईत सही केली. खऱ्यापेक्षा कमी स्कोअरवर सही म्हणजे डिस्क्वालिफाय, झालं. रात्रभर ट्रेनमध्ये झोप नाही. तू टेबलापाशी बसून एकेक होल मोठ्याने वाच, मागे कोणी थांबलं असेल तर थांबू दे.

आणि वयाची घाई करू नको, २२ म्हणजे काहीच नाही. महूचे मुकेश कुमार, देशात शंभराच्या वर टायटल जिंकलेला माणूस, त्यांनी एशियन टूरचं पहिलं टायटल २०१६ ला घेतलं, वयाच्या ५१ व्या वर्षी, त्याच दिल्लीच्या कोर्सवर. मला त्यांचा फार आदर वाटतो. इतकी वर्षं दर आठवड्याला तेच काम त्याच निष्ठेने करणं किती अवघड आहे ते टूरवर राहिल्याशिवाय कळत नाही.

रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं, नागपूरहून टाटानगर, हावडा, दिल्ली सगळीकडे थेट गाड्या आहेत, कॅलेंडर आलं की लगेच बघ, गोल्फबॅग घेऊन वेटिंगमध्ये उभं राहू नको. रविवारी पहाटे साडेपाचला कोर्सवर ये, ऊन चढायच्या आत नऊ होल खेळू, मग तर्री पोहे खाता खाता तुझी वही बघतो.

तुझा,
काका