ग्रीनो टॉवरचं दार आतल्या कोपऱ्यात का आहे? वरचे मजले आणि छप्पर उरलं नसताना तळमजला कसा टिकला?

स्कॉटलंडमध्ये गॉर्डन गावाजवळचा हा टॉवर, म्हणजे मनोऱ्यासारखं भक्कम राहतं घर, १५८१ चा. दारावरच्या दगडी पट्टीवर ते साल कोरलंय, शिवाय जेम्स सेटन आणि जेन एडमनस्टन या जोडप्याची घराण्याची चिन्हं. आराखडा इंग्रजी 'एल' अक्षरासारखा. दोन भिंतींच्या कोनात दार ठेवलं की तिथे येणाऱ्यावर दोन्ही बाजूंनी नजर आणि मारा ठेवता येतो. आत लोखंडी जाळीचं दार अजून जागेवर आहे, ते नक्की बघा! अशा स्कॉटिश जाळीत काही भागात उभे गज आडव्यांतून ओवलेले, तर काही भागात आडवे उभ्यांतून, त्यामुळे एखादा गज ओढून निघत नाही.

तळाला दगडी कमानीचं छत होतं, म्हणून तो टिकला. वरचे मजले लाकडी तुळयांवर. छप्पर गेलं, पाणी शिरलं, तुळया कुजल्या.